बिकलम कोणाचं? बुलढाणा जिल्ह्यातल्या खरेदीखताचा इतिहास

मागच्या व्याख्यानानंतर खाली चहा घेताना एका गृहस्थांनी आम्हाला विचारलं होतं, "बुलढाण्यात घर घेतोय. वकील कोणता करावा, ते सांगा." आम्ही कोणाचं नाव सांगितलं नाही, सांगणारही नाही. पण प्रश्न डोक्यात राहिला. घर किंवा शेत घेताना कागद कोणाकडून करून घ्यावा, हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात आजचा नाही. त्याला निदान दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात बऱ्याच जणांची जमीन गेली आहे. म्हणून आज त्याविषयी बोलू.

सुरुवात एका शब्दापासून करतो. आम्ही काही मित्र गेली काही वर्षं ओळखीच्या घरांतल्या पेट्या उघडून जुने कागद वाचतो. मोडीतली खतं, गहाणखतं, वाटणीपत्रं. त्यांत शेवटी, सह्या-निशाण्यांच्या आसपास, पुष्कळदा एक शब्द दिसतो: बिकलम. शब्द फारसी. अर्थ सोपा, अमक्याच्या कलमानं. म्हणजे हा कागद कोणी लिहिला, त्याचं नाव. देणाऱ्याला लिहिता येत नसे, घेणाऱ्यालाही बहुधा येत नसे. मधे एक तिसरा माणूस असे, त्याच्या हातात लेखणी असे.

आता आपल्या खरेदीखताची भाषा पाहा. विकत घेणारा तो 'लिहून घेणार'. विकणारा तो 'लिहून देणार'. दोघांच्याही नावात 'लिहून' आहे आणि दोघांपैकी कोणीच लिहीत नाही! लिहिणारा वेगळाच. तो कोणाचा माणूस होता, एवढंच आज आपण पाहणार आहोत.

इंग्रजी सिनेमात किंवा परदेशातल्या नातेवाइकांच्या बोलण्यात सॉलिसिटर येतो. तिकडे घर घ्यायचं तर घेणाऱ्याचा सॉलिसिटर वेगळा, विकणाऱ्याचा वेगळा; दोघं एकमेकांना पत्रं लिहितात, शंका विचारतात, मग सौदा होतो. इंग्लंडमध्ये पैसे घेऊन मालमत्तेचे दस्त तयार करण्याचा मक्ता १८०४ साली स्टॅम्पच्या कायद्यातून त्यांच्याकडे आला आणि तो थेट १९८५पर्यंत टिकला. आपल्याकडे मुंबईत हायकोर्टाच्या छायेत सॉलिसिटरांच्या पेढ्या उभ्या राहिल्या. त्यांची संस्था १८९४ची, आणि ती परीक्षा अजूनही होते. पण मुंबईचा सॉलिसिटर मलकापूरच्या पुढे कधी आला नाही. बुलढाणा, चिखली, मेहकर, खामगाव इथं ती जागा दुसऱ्यांनी भरली. आधी कुलकर्णी-पटवारी, मग अर्जनवीस, मग वकील, आणि आता कधीकधी नुसता संगणकावरचा तयार नमुना.

तर आधी जुना काळ. निजामाच्या आणि त्याआधीच्या राज्यात जमिनीचा किंवा वतनाचा मोठा व्यवहार व्हायचा तो चारचौघांत. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, बलुतेदार यांच्या साक्षीनं. कुणब्याच्या नावापुढे नांगराची निशाणी, इतरांच्या नावापुढे ज्याच्या त्याच्या अवजाराची. चतुःसीमा लिहायच्या: पूर्वेस अमका, पश्चिमेस ओढा. आणि जमीन देताना 'जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप' यांसह द्यायची, म्हणजे जमिनीतल्या पाण्यापासून पुरलेल्या धनापर्यंत सगळं. गंमत अशी की हीच शब्दमाळ आजच्या फ्लॅटच्या खरेदीखतातही सापडते. तिसऱ्या मजल्यावरच्या घरात तृण आणि पाषाण कुठून येणार? पण लिहिणाऱ्यानं जुन्या खतावरून उतरवलं, त्याच्या गुरूनं त्याआधीच्यावरून. लेखणीची परंपरा ही अशी.

आता हे सगळं छान होतं, गाव साक्षी होतं, असं म्हणून भावुक व्हायचं कारण नाही. गोतात बसायचा मान सगळ्यांना नव्हता. बाईला नव्हता. महाराला निशाणीपुरता असला तरी शब्दापुरता नसे. आणि दप्तर कुलकर्ण्याच्या घरात. तो रुसला तर तुमची सीमा चार हात सरकायला वेळ लागत नसे. तरीही त्या पद्धतीत एक गोष्ट होती: व्यवहार उघड्यावर होई. शेजारचा शेतकरी 'थांबा, यात माझाही हिस्सा आहे' असं तिथल्या तिथं म्हणू शकत होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१८५३ साली निजामानं वऱ्हाड कंपनीच्या हवाली केलं. नावानं मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा. 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स' हे त्याचं सरकारी नाव. पुढे १९०२ साली कायमचा पट्टा झाला आणि १९०३पासून वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं गेलं. या तांत्रिक गोष्टीचा आपल्या विषयाशी थेट संबंध आहे. वऱ्हाड ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नव्हतं, त्यामुळे इथं कुठलाही कायदा आपोआप लागू होत नसे; वेगळा हुकूम काढून लावावा लागे. १९४१ साली 'बेरार लॉज ॲक्ट' करून ही घडी नीट बसवावी लागली. म्हणजे कायदा काय आहे हे सांगायलासुद्धा जाणकार लागत होता. कुणब्यानं ते कुठून जाणायचं?

१८६०च्या दशकात मुंबई पद्धतीची सर्व्हे आली. साखळी टाकून शेतं मोजली, नंबर पडले, दगड रोवले, तीस वर्षांचा सारा ठरला. आणि खातेदाराला असा हक्क मिळाला की जो वारशानं जातो, विकता येतो, गहाण टाकता येतो. त्याच वेळी अमेरिकेत यादवी पेटली होती, १८६१ ते १८६५. तिकडचा कापूस बंद, वऱ्हाडच्या कापसाला भाव. रेल्वे मलकापूर, शेगाव करत नागपूरकडे गेली. १८७०मध्ये जलंब ते खामगाव फाटा सुरू झाला, त्याच्या उद्घाटनाला खुद्द गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो आले होते. खामगावची कापूसपेठ देशात नाव मिळवून होती.

हे तीन धागे एकत्र बघा: मोजलेली जमीन, विकता येण्याजोगा हक्क आणि कापसाचा पैसा. याआधी सावकार पीक उचलून न्यायचा. जमीन घेऊन त्यानं काय करावं? आता जमिनीलाच किंमत आली. कर्जाला तारण म्हणून पिकाऐवजी सात-आठ ओळींचा कागद चालू लागला. आणि कागद लिहिणारा माणूस एकदम महत्त्वाचा झाला.

कागद आला तशी कागदाची कचेरीही आली. नोंदणीचा पहिला अखिल भारतीय कायदा १८६४चा, आणि आज चालू आहे तो १९०८चा. तालुक्याच्या गावी सब-रजिस्ट्रार बसू लागला. लोकांना वाटलं, सरकारनं शिक्का मारला, आता कागद पक्का. आजही तसंच वाटतं. "रजिस्ट्री झाली ना? मंग झालं!" असं आपण सहज म्हणतो.

पण मंडळी, सब-रजिस्ट्रार विचारतो काय? कायद्याच्या ३४व्या कलमात त्याचं काम लिहिलं आहे. ही सही तुमचीच का? तुम्ही तेच का? दुसऱ्याच्या वतीनं आला असाल तर तसा अधिकार आहे का? बस्स. काही बंदी घातलेले व्यवहार सोडले, तर विकणारा त्या मालमत्तेचा खरा मालक आहे का, हे तपासणं त्याच्याकडे नाही. तमिळनाडूनं मधे असा नियम केला होता की विकणाऱ्यानं मूळ मालकीचा दस्त दाखवल्याशिवाय नोंदणी नाही. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२५मध्ये तो नियम रद्द केला. मालकी ठरवणं हे नोंदणी अधिकाऱ्याचं काम नाही, असं त्याचं कारण. म्हणजे १८६४पासून आजपर्यंत कचेरी एकाच गोष्टीची साक्ष देते: अमक्यानं अमक्या दिवशी सही केली. जुन्या गोतसभेत कोणीतरी उठून 'थांबा' म्हणू शकत होता. कचेरीत 'थांबा' म्हणणारं कोणी नाही.

ही पोकळी तेव्हाही जाणवली होती, असं दिसतं. १९२८च्या वऱ्हाड जमीन महसूल संहितेत हक्कशफ्याची तरतूद होती. एकाच सर्व्हे नंबरात दुसऱ्याचाही कब्जा असेल तर बाहेरच्याला विकण्याआधी त्याला विचारायचं, त्याचा आधी हक्क. पुढे ती संहिता गेली. १ नोव्हेंबर १९५६ला आपण मुंबई राज्यात आलो, १९६०ला महाराष्ट्र झाला, १९६६च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनं नवी घडी बसवली.

आता अर्जनवीस. तरुण मंडळींनी हा शब्द कदाचित नुसता पाटीवर वाचला असेल. तहसील कचेरीच्या आवारात, लिंबाखाली किंवा पत्र्याच्या टपरीत, पुढ्यात उतरतं मेज, आधी बोरू-दौत, मग टाइपरायटर, आता प्रिंटर. शेजारी स्टॅम्पवाला. लोक त्याला बाँडरायटर किंवा दस्तलेखकही म्हणतात. आम्हाला या माणसाबद्दल आदर आहे, हे आधीच सांगतो. हजारो लोकांचे हजारो अर्ज त्यानं लिहिले. वकिलाच्या पायरीवर जायला बिचकणारी बाई त्याच्यासमोर जमिनीवर बसून आपलं सांगायची. कुठल्या कामाला कुठला कागद, किती रुपयांचा स्टॅम्प, साहेब केव्हा भेटतात, हे त्याला तोंडपाठ. चांगला अर्जनवीस चतुःसीमा विचारून विचारून लिहायचा. आणि खाली आपलं नाव घालायचा. तेच बिकलम.

पण त्याच्या पोटापाण्याची एक अडचण होती. शेतकरी त्याच्याकडे आयुष्यात दोनदा येणार, लग्नाला एकदा आणि दुष्काळाला एकदा. सावकार महिन्यातून दहादा. मग लेखणी कोणाकडे कलेल? बेइमानीच असते असं नाही. रोजच्या गिऱ्हाइकाची सोय सवयीनं आधी दिसते.

हे सरकारला ठाऊक नव्हतं असं नाही. १८७५च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला आणि पुढे नगरपर्यंत शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. त्यांनी मुख्यतः काय मागितलं? कागद. कर्जरोखे काढायला लावले आणि जाळले. त्यांना नेमकं कळलं होतं की आपली मानगूट कुठं अडकली आहे. चौकशी झाली आणि १८७९चा दख्खनचा शेतकरी साहाय्य कायदा झाला. त्यात एक फार विलक्षण तरतूद होती. पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांत 'गावचा रजिस्ट्रार' नेमायचा, आणि शेतकऱ्याचा दस्त त्यानं स्वतः किंवा त्याच्या देखरेखीखाली लिहायचा, त्याच्यासमोरच सही व्हायची. नाहीतर कागद धरायचा नाही. म्हणजे सरकारनं कबूल केलं की नुसती नोंद पुरत नाही. लिहिणारा माणूस घेणाऱ्याचाही नको, देणाऱ्याचाही नको, तिसरा पाहिजे.

तो कायदा मुंबई इलाख्याचा. आपण निजामाच्या नावाखालचं वऱ्हाड. आपल्याकडे तो गावचा रजिस्ट्रार नव्हता. तिकडेही आज तो नाही. पण विचार लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आता एक घरातली गोष्ट. आमच्यातल्या एकाच्या आजोबांची आहे, म्हणून नावगाव सांगत नाही. चिखली तालुक्यातलं खेडं, बहात्तरचा दुष्काळ. बैल विकले, तरी भागेना. तीन हजार रुपये हवे होते. देणाऱ्यानं सांगितलं, "गहाणाच्या भानगडीत नको पडू. खरेदी करून दे, तीन वर्षांत पैसे आणून दे, जमीन तुझी तुला." आजोबा अर्जनविसापुढे बसले. त्या दिवशी दोन कागद झाले. एक खरेदीखत, रीतसर नोंदलेलं, चार एकर. दुसरा साध्या स्टॅम्पावर: मुदतीत रक्कम दिल्यास परत खरेदी करून देईन. दोन्हींवर एकच अक्षर.

आजोबांना वाटलं, दोन कागद म्हणजे दुहेरी भक्कम. खरं उलटं होतं. मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२चा कायदा १९२९ साली दुरुस्त झाला. त्यात असं आलं की परत देण्याची अट त्याच खरेदीखतात लिहिलेली नसेल, तर तो व्यवहार गहाण धरायचा नाही. अट त्याच कागदात असती तर कोर्टानं निदान विचारलं असतं, ही खरेदी की गहाण? आणि गहाण ठरलं असतं, तर मुदत उलटल्यावरही सोडवून घेण्याचा हक्क राहिला असता. अट वेगळ्या कागदावर गेली आणि दारच बंद झालं. मुदत हुकली ती आठ महिन्यांनी. आजोबा पैसे घेऊन गेले, ते घेतले गेले नाहीत. दावा झाला, हरला. न्यायाधीशानं कायद्याप्रमाणेच निकाल दिला. सब-रजिस्ट्रारनंही कायद्याप्रमाणेच काम केलं होतं. सही खरी होती, माणूस खरा होता, कागद खरा होता. खोटी होती ती फक्त कागदातली गोष्ट: विक्री झालीच नव्हती, कर्ज झालं होतं.

ते दोन्ही कागद आम्ही पाहिले आहेत. हस्ताक्षर देखणं आहे, एक खाडाखोड नाही. लिहिणाऱ्याला दोन कागदांतला फरक ठाऊक होता का? असेल, नसेल. पण त्या खोलीत आजोबांचा माणूस एकही नव्हता, एवढं नक्की.

अशी घरं या जिल्ह्यात किती, हे मोजता यायचं नाही. जुलै २००६मध्ये पंतप्रधानांचं पॅकेज आलं ते विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी, त्यांत बुलढाणा होता. त्याच सुमारास खामगाव भागातल्या सावकारीच्या तक्रारी नोंदवून घेण्यावरून वाद झाला. तक्रार थेट न नोंदवता आधी समितीकडे पाठवा, अशी सूचना मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयाकडून गेली होती. प्रकरण नागपूर खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि १४ डिसेंबर २०१०ला न्यायालयानं राज्य सरकारवर बसलेला २५ हजारांचा खर्च वाढवून १० लाख केला. बुलढाण्याच्या एका शेतकऱ्याच्या तक्रारीतून निघालेला तो खटला.

त्यानंतर २०१४चा महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा आला. त्याचं १८वं कलम आजोबांच्या गोष्टीला दिलेलं उशिराचं उत्तर आहे असं आम्हाला वाटतं. सावकाराकडे गेलेली जमीन खरी कर्जाच्या तारणापोटी गेली आहे, असं दिसलं तर जिल्हा निबंधक कागदाच्या मागे जाऊन बघू शकतो. विक्रीचा दस्त अवैध ठरवून जमीन परत देऊ शकतो. मुदत पंधरा वर्षांची. आपल्या जिल्ह्यात हा अधिकार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे आहे. आजोबांचं प्रकरण यात बसत नाही, पण तुमच्या ओळखीत कोणाचं बसत असेल, तर सांगा त्यांना.

आता शेतातून गावात येऊ, कारण प्रश्न विचारणारे गृहस्थ घर घेणार होते. घराच्या कागदात आपल्या विदर्भाची स्वतःची काही वळणं आहेत आणि ती इतिहासातूनच आली आहेत. पुण्या-मुंबईचा नमुना उतरवून घेणाऱ्याला ती दिसत नाहीत.

पहिलं, नझूल. जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडातल्या शहरांत सरकारी जागेचे प्लॉट पट्ट्यानं दिले गेले. लोकांनी घरं बांधली, तीन पिढ्या राहिले, कर भरला. घर त्यांचं, जमीन सरकारची. घर बघून सौदा होतो आणि पट्ट्याचं नूतनीकरण झालं आहे का, हस्तांतराला परवानगी लागते का, हे कोणी विचारत नाही.

दुसरं, आखीव पत्रिका. शहरातल्या जागेचा हा अभिलेख. बाकी महाराष्ट्र त्याला मिळकत पत्रिका म्हणतो. ती भूमी अभिलेख कार्यालयातून निघते. तिच्यावर क्षेत्र आणि धारकाचं नाव असतं, आणि घरातल्या मयत माणसाचं नाव वर्षानुवर्षं तसंच असतं. चार बहिणींची नावं लागलेलीच नसतात. २००५च्या दुरुस्तीनं हिंदू वारसा कायद्यात मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका वाटा दिला; भावानं एकट्यानं विकलं तर बहीण उद्या दारात उभी राहू शकते, आणि तिचं बरोबरच असतं.

तिसरं, ग्रामपंचायतीचा नमुना ८. खेड्यातलं घर पुष्कळदा एवढ्या एका कागदावर विकलं जातं. तो कराचा कागद आहे. कर भरणारा मालक असेलच असं नाही. सातबाराचंही तसंच. त्यावरची नोंद खरी धरून चालतात, पण उलटं सिद्ध होईपर्यंतच. फेरफारानं मालकी येत नाही, हे न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितलं आहे.

चौथं, मुखत्यारपत्र. "नोंदणीचा खर्च कशाला? जनरल पॉवर करून घेऊ." सर्वोच्च न्यायालयानं २०११मध्ये स्पष्ट सांगितलं की मुखत्यारपत्रानं आणि साठेखतानं मालकी मिळत नाही.

आणि शेवटचं, शोध. वकील तीस वर्षांचा सर्च घेतात. तीसच का? गहाण सोडवून घेण्याची मुदत १९६३च्या मुदतीच्या कायद्यात तीस वर्षं आहे, हे त्यातलं मोठं कारण. त्याआधी ती साठ होती! सब-रजिस्ट्रारकडे सूची क्रमांक २ असते, ती कोणालाही फी भरून पाहता येते. जुन्या दस्तासाठी मोडी वाचणारा लागेल. आणि खामगाव, जळगाव जामोदचं आणखी एक आहे. १९०५ साली वऱ्हाडच्या सहा जिल्ह्यांचे चार झाले, तेव्हा हे तालुके अकोल्यातून बुलढाण्यात आले. त्याआधीच्या कागदावर अकोल्याचं नाव दिसलं तर दचकू नका.

आता त्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे येतो. वकील कोणता करावा? दीडशे वर्षांचा धडा आमच्या मते एकच आहे. लिहिणारा हुशार आहे का, हे नंतर विचारा. तो कोणाचा आहे, हे आधी विचारा. ज्यानं प्लॉट दाखवला त्यानंच वकील सुचवला असेल, तर तो त्याचा रोजचा गिऱ्हाईक आहे. बिल्डर म्हणतो, "आमचे वकील सगळं बघतात, तुमची फी वाचेल." बघतातच ते, पण बिल्डरसाठी. वकिलांच्या शिस्तीच्या नियमांत आहे की एका बाजूला सल्ला दिल्यावर दुसऱ्या बाजूचं काम घेऊ नये. तुमची फी तुम्ही द्या, मग तो तुमचा.

दुसरं, तो नुसता दस्त लिहिणार की शोधही घेणार, हे ठरवून घ्या. दस्त लिहायला कायद्यानं वकील लागतच नाही. अर्जनवीस लिहील, तुम्ही स्वतःही लिहू शकता. पैसे द्यायचे ते शोधाचे आणि 'थांबा' म्हणण्याचे. म्हणून त्याला इसार देण्याआधी भेटा. इसारपावती झाल्यावर वकिलाकडे जाणं म्हणजे पेरणी झाल्यावर माती तपासणं. आणि शोधाचा अहवाल लेखी मागा, त्याच्या सहीनिशी. तोंडी 'क्लिअर आहे' याला काही किंमत नाही. सही केली की माणूस दोनदा बघतो. जुन्या लोकांनी बिकलम लिहायची रीत उगाच नव्हती ठेवली.

तिसरं, तो प्रश्न विचारतो का, ते बघा. कायद्याच्या ५५व्या कलमात विकणाऱ्यावर जबाबदारी आहे: कागद दाखवायचे, विचारलेल्या योग्य प्रश्नांची उत्तरं द्यायची, न दिसणारे दोष सांगायचे. पण कागद मागावे लागतात आणि प्रश्न विचारावे लागतात. बहिणी किती? पट्टा कधी संपतो? रस्ता कोणाच्या जागेतून? बँकेचा बोजा उतरला का? तुमचा वकील पहिल्या भेटीत तुम्हालाच दहा प्रश्न विचारून हैराण करत असेल, तर योग्य दारात आलात असं समजा.

आणि विकणाऱ्यांनाही एक सांगतो. आजोबा विकणारेच होते. 'लिहून देणार' होते. आपल्याला वाटतं धोका घेणाऱ्याला, पैसे देतो तो. या जिल्ह्याचा इतिहास सांगतो की विकणाऱ्यालाही तितकाच, कदाचित जास्त. गरजेच्या वेळी सही करणाऱ्यानं निदान एवढं करावं: कागद घरी आणावा, रात्रभर ठेवावा, वाचता येणाऱ्या कोणाकडून तरी मोठ्यानं वाचून घ्यावा. त्या खोलीत आपला एक माणूस असावा.

त्या चार एकरांत आज दुसऱ्याचं सोयाबीन उभं आहे. आजोबांनी तो दुसरा कागद मरेपर्यंत सांभाळून ठेवला होता, उशाखाली नव्हे, देव्हाऱ्यात. त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं की तो आपल्या बाजूचा कागद आहे. आम्ही त्यांना खरं सांगितलं नाही.

इथं थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ. आणि कोणाच्या घरी मोडी कागद असतील तर टाकू नका, आम्हाला बोलवा. चहा पाजलात की वाचून देऊ.